घरचा पेस्टो: वाटायचा कसा, ठेवायचा कुठे आणि किती दिवस

नाशिकमध्ये घरी पेस्टो, म्हणजे पास्त्याला लावायचं इटालियन हिरवं वाटण, करायला लागलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न चवीचा नसतो, टिकण्याचा असतो. "वर तेलाचा चांगला थर दिला, तर बाहेर किती दिवस राहील?" उत्तर सरळ आहे: एक दिवसही नाही. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये काही महिने आणि ओट्यावर फक्त जेवणं उरकेपर्यंत.

हे ऐकून बऱ्याच जणींच्या कपाळाला आठी पडते, आणि ते साहजिक आहे. ज्या घरात कैरीचं लोणचं वर्षभर फडताळात राहतं, लसणाची सुकी चटणी डब्यात महिनाभर सुखाने नांदते, त्या घराला या हिरव्या वाटणाचे एवढे लाड कशाला करायचे ते कळत नाही. म्हणून आधी कारण सांगते, कृती नंतर. कारण एकदा नीट कळलं की पेस्टोच काय, घरातला ओला ठेचा आणि लसूण घातलेलं तेल कुठे ठेवायचं हेही वेगळं विचारावं लागत नाही.

पेस्टो मूळचा इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचा, लिगुरिया प्रांतातल्या जेनोवा शहराचा. बेसिल या तुळशीच्या कुळातल्या रोपाची कोवळी पानं, लसूण, पाइन नट म्हणजे आपला चिलगोजा, जाडं मीठ, मुरवलेलं चीज आणि ऑलिव्ह तेल, एवढंच त्यात असतं. चीज दोन प्रकारचं: गाईच्या दुधाचं पार्मेजान आणि मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो. तिकडे हे सगळं संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने कुटतात. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की यातलं काहीच शिजत नाही. कच्ची पानं, कच्चा लसूण, वर तेल. इथेच सगळी मेख आहे.

लोणच्याकडे एकदा नीट बघा. आपण म्हणतो, तेलामुळे टिकतं. खरं तर ते टिकवण्याचं मुख्य काम करतात मीठ आणि आंबटपणा. कैरीला आपण आधी मीठ लावून ठेवतो, तिला सुटलेलं पाणी काढून टाकतो, मग मोहरीची डाळ, मसाला, आणि सगळ्यात शेवटी तेल. कैरी मुळातच आंबट, त्यात मीठ हात सढळ ठेवून घातलेलं. तेल वरून हवा अडवतं, त्यामुळे बुरशी धरत नाही. म्हणजे तेल हा दाराशी बसलेला राखणदार, पण घर आतून मजबूत केलं ते मिठाने आणि आंबटाने.

आता पेस्टो. मीठ चवीपुरतं. आंबटपणा जवळपास नाही. पानांत पाणी भरपूर. आणि त्यावर आपण हवा अडवणारं तेल ओततो. बुरशीला हवा लागते, त्यामुळे ती खरोखर येत नाही, आणि बरणी दिसायला अगदी स्वच्छ राहते. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू असा आहे की त्याला हवा नकोच असते. तो मातीत असतो. त्याची बीजं मातीतून लसणाच्या कुडीवर, पालेभाजीवर येतात आणि कितीही धुतलं तरी सगळी जात नाहीत. ही बीजं एरवी आपल्या पोटात जातात आणि मोठ्या माणसाला काही होत नाही. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका असं डॉक्टर सांगतात ते याच जंतूच्या बीजांमुळे, बाळाच्या आतड्यात ती रुजू शकतात.) पण हवा नाही, आंबट नाही, मीठ कमी, ओल भरपूर आणि वातावरण उबदार अशी जागा मिळाली की बीजं रुजतात, जंतू वाढतो आणि विष तयार करतो. हे विष मज्जातंतूंवर काम करतं आणि अगदी थोडंसं पुरतं.

आकड्यांत सांगायचं तर पदार्थाचा पीएच ४.६ किंवा त्याहून कमी, म्हणजे पुरेसा आंबट असला, तर हा जंतू वाढत नाही. पदार्थातल्या पाण्यात मिठाचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेलं तरी तो थांबतो. पेस्टो या दोन्ही कसोट्यांवर नापास होतो. उकळून घेतलं तर? साध्या उकळत्या पाण्याच्या १०० अंशांना ही बीजं मरत नाहीत. त्यासाठी डबाबंद पदार्थांच्या कारखान्यात असते तशी १२१ अंशांची, दाबाखालची उष्णता लागते. तेवढं तापवल्यावर पेस्टो पेस्टो राहणार नाही, हे सांगायला नको.

यात भीती घालण्याचा हेतू नाही. या विषाने होणारा आजार, बोट्युलिझम, दुर्मिळ आहे. पण तो झाला आहे, आणि नेमका तेलातल्या लसणातूनच झाला आहे. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहात जेवलेल्या ३६ जणांना तो झाला. कारण निघालं सोयाबीन तेलात घातलेला चिरलेला लसूण, जो फ्रीजबाहेर ठेवला होता. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तीन जण आजारी पडले. त्यानंतर अमेरिकेत असा लसूण विकणाऱ्यांना त्यात आम्ल घालणं बंधनकारक झालं. दुकानातली पेस्टोची बाटली महिनोन् महिने फळीवर का राहते, त्याचं उत्तरही इथेच आहे. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा: बहुतेक वेळा त्यात सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्ल असतं, आणि बाटली ठराविक उष्णता देऊन बंद केलेली असते. तीच बाटली एकदा उघडली की कंपनीही सांगते, फ्रीजमध्ये ठेवा.

शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "अगं, मग लिंबू पिळ की त्यात. झालं आंबट!"

"पिळा ना काकू, चवीला छानच लागतं. पण त्याच्या भरवशावर बाहेर नका ठेवू."

लिंबाचा रस पाण्यात मिसळतो, तेलात नाही. तो वाटणाच्या प्रत्येक कणापर्यंत सारखा पोहोचला का, आणि पीएच खरंच ४.६ च्या खाली उतरला का, हे घरी मोजायची सोय नसते. एका लिंबात रस किती आणि तो किती आंबट, हेही दर वेळी वेगळं. कारखान्यात मोजून होतं ते आपण अंदाजाने करू नये.

लसणाची सुकी चटणी मात्र का टिकते? तिच्यात ओलच नसते. सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ, भाजलेला लसूण. जंतूला वाढायला पाणीच मिळत नाही. ओला ठेचा, हिरवी चटणी, लसूण घालून ठेवलेलं तेल ही सगळी पेस्टोच्या बाजूला बसणारी मंडळी. त्यांची जागा फ्रीजमध्ये. चातुर्मासात लसूण वगळून पेस्टो केला तर सूट मिळते का, असंही विचारतात. नाही मिळत, कारण बेसिलची पानंसुद्धा मातीजवळच वाढलेली असतात आणि तेलाखाली परिस्थिती तीच असते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. या विषाला वास नसतो, चव नसते, रंग नसतो. "वास घेऊन बघ, ठीक आहे ना" ही आपली पिढ्यान् पिढ्यांची परीक्षा इथे चालत नाही. बाहेर राहिलेली बरणी चाखून पाहू नका, सरळ टाकून द्या. आणि कधी कुणाला असं काही खाल्ल्यानंतर दोन दोन दिसायला लागलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलताना जीभ अडखळली, गिळता येईना, तर वाट बघत बसू नका. थेट रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. लक्षणं बहुधा बारा ते छत्तीस तासांत दिसतात, कधी त्याहूनही उशिरा. त्यावर प्रतिविष आहे, पण ते जितक्या लवकर मिळेल तितकं चांगलं.

आता करण्याकडे येऊ. ही मजेची बाजू आहे.

बेसिल म्हणजे आपल्या अंगणातली तुळस नव्हे. दोघी एकाच कुळातल्या, पण तुळशीत युजेनॉल नावाचं, लवंगेत असतं तेच तेल खूप असतं. तुळशीचा पेस्टो काढ्यासारखा उग्र लागतो. उलट फालुद्यात घालतो तो सब्जा हे बेसिलचंच बी. सब्ज्याची पानं चालतात, मात्र वाणाप्रमाणे त्यांचा वास कमी-जास्त तिखट असतो, तेव्हा आधी एक पान चुरडून हुंगून बघा. बडीशेपेसारखा वास जास्त आला तर तो पेस्टो जेनोवाच्या चवीचा होणार नाही. हल्ली कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या भाजीच्या दुकानांत बेसिलच्या जुड्या मिळतात, पण कुंडीत लावणं सगळ्यात उत्तम. सात-आठ दिवसांत बी रुजतं. तुरे यायला लागले की ते खुडत राहायचं, कारण फुलोरा आला की पानं जाड आणि कडवट होतात. खुडताना दोन पानांच्या जोडीच्या बरोबर वर खुडायचं, म्हणजे तिथून दोन नव्या फांद्या फुटतात. जेनोवाच्याच प्रा या भागात तर रोपं अगदी लहान असतानाच, चार-सहा पानांवर उपटून पेस्टोला वापरतात, इतकं त्यांना कोवळेपणाचं महत्त्व.

बेसिलला थंडी सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एकआकडी होतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या दिवसांत कुंडी रात्री घरात घ्या. आणि याच कारणाने जुडी फ्रीजमध्ये ठेवू नका. दुसऱ्या दिवशी पानं काळी पडलेली असतात. ती सडलेली नसतात, गारठलेली असतात. देठं थोडी कापून पेल्यात पाणी घालून जुडी ओट्यावर ठेवा, दोन-तीन दिवस ताजी राहते.

पेस्टो काळा पडतो ही सगळ्यांची तक्रार. एक पान सुरीने कापून बशीत ठेवा आणि बघत राहा. थोड्या वेळात कापलेल्या कडेला तपकिरी रेघ उमटते, मग ती आत सरकत जाते. पानाच्या पेशीत एक विकर (एन्झाइम) आणि फिनॉल नावाची काही द्रव्यं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की ते एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. कापलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडतं ते याच विकरामुळे. मिक्सरचं पातं फिरताना तापतं, त्या उबेने हे आणखी वेगाने होतं. म्हणून मिक्सरचं भांडं आणि तेल आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत फिरवा. खलबत्ता असेल तर प्रश्नच नाही. पातं पान चिरतं, बत्ता ते चिरडतो. चिरडलेल्या पानाचा वास जास्त मोकळा होतो आणि वाटण गरम होत नाही. घरात आजीचा दगडी खलबत्ता माळ्यावर पडला असेल तर तो खाली काढायला हे चांगलं निमित्त आहे. फक्त त्याला जुन्या मसाल्याचा वास नाही ना ते बघा.

दुसरा उपाय म्हणजे पानं उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुचकळून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकणं. उष्णतेने ते विकर निकामी होतं आणि पेस्टो दिवसेंदिवस हिरवागार राहतो. पण त्यात थोडा सुगंध जातोच. माझं मत असं: आज खायचा असेल तर पानं कच्चीच वाटा, रंगाकडे फार बघू नका. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर बुचकळून घ्या. लिंबाचंही तसंच आहे. ते काळं पडणं लांबवतं, पण आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि एक-दोन दिवसांत हिरव्याचा शेवाळी रंग होतो. म्हणून लिंबू पिळायचं तर वाढताना पिळा.

चार माणसांसाठी साधारण ६० ग्रॅम पानं घ्या, म्हणजे देठं काढून दोन मोठ्या ओंजळी भरतील इतकी. पानं धुऊन पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. लसणाची एक मोठी किंवा दोन लहान पाकळ्या. आपला गावठी लसूण झणझणीत असतो, हात आवरा. पाव चमचा जाडं मीठ, ३० ग्रॅम काजू किंवा अक्रोड, किसलेलं चीज ५० ते ६० ग्रॅम, ऑलिव्ह तेल ७० ते ८० मिलिलीटर. आधी लसूण आणि मीठ, मग काजू, मग थोडी थोडी पानं, मग चीज. तेल शेवटी, आणि शक्यतो चमच्याने मिसळा. चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन तेल मिक्सरच्या वेगात फिरवलं तर कडवटपणा येऊ शकतो.

चिलगोजा हिमाचलच्या किन्नौरमधून येतो आणि त्याचा भाव ऐकून हात आखडतो. कोकणातला काजू त्याची जागा अगदी छान घेतो, कारण दोघांची चव गोडसर आणि मऊ. अक्रोड घेतले तर साल थोडी कडू आणि रंग मळकट करते. शेंगदाण्याने पोत जमतो, पण भाजलेला दाणा बाकी सगळ्यावर मात करतो. काहीही घ्या, खवट नसावं.

चीजबद्दल शाकाहारी घरांनी हे जाणून घ्यायला हवं. अस्सल इटालियन पार्मेजानो रेज्जानो बनवताना दूध फाडायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. त्या चीजच्या नियमातच ते आहे. म्हणजे ते शाकाहारी नाही. भारतात बनणाऱ्या पार्मेजानसारख्या अनेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा आणि मग घ्या. सँडविचमध्ये घालतो ते प्रोसेस्ड चीज इथे नको. ते मऊ, ओलसर आणि चिकट, मुरलेल्या चीजची खमंग चव त्यात नाही.

आता ठेवणं. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तेवढाच फ्रीजमध्ये. लहान, स्वच्छ, पूर्ण कोरडी काचेची बरणी घ्या, चमच्याने दाबून मधली हवा काढा, वर तेलाचा पातळ थर द्या. हा थर रंगासाठी आहे, सुरक्षेसाठी नाही. फ्रीज ४ अंश किंवा त्याखाली असावा. दारातल्या कप्प्यात नको, आतल्या बाजूला ठेवा, कारण दार सारखं उघडतं. थंडीत जंतूंची वाढ खूप मंदावते, पण या जंतूचे काही प्रकार थंडीतही हळूहळू वाढू शकतात, म्हणून चार दिवसांच्या वर जाऊ नका. बरणीवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. थंडीने ऑलिव्ह तेल थिजून पांढुरकं, रवाळ दिसतं; ती बुरशी नव्हे, बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत विरघळतं.

त्याहून जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीझर. आणि पेस्टोला फ्रीझर फार मानवतो. अख्खी पानं गोठवली तर पेशी फुटून ती काळी, लिबलिबीत होतात. इथे पेशी आपण आधीच फोडलेल्या असतात आणि वर तेलाचं आवरण असतं. बर्फाच्या ट्रेमध्ये पेस्टो भरा, रात्रभर गोठवा, सकाळी वड्या काढून जाड पिशवीत हवा दाबून काढून बंद करा. वरच्या प्रमाणात सरासरी डझनभर वड्या होतात आणि एका माणसाला दोन-तीन पुरतात. चीज आधी घातलं तरी बिघडत नाही; मला ते काढल्यावर ताजं किसून घालायला आवडतं, चव जास्त खुलते. तीन-चार महिन्यांत वापरून टाका. त्यानंतर तो धोक्याचा होत नाही, पण वास मावळतो. फ्रीझर बीजं मारत नाही, नुसती थोपवून धरतो, म्हणून वड्या वितळवायच्या त्या फ्रीजमध्ये किंवा थेट गरम पदार्थात. ओट्यावर ठेवून विसरायच्या नाहीत आणि वितळलेल्या पुन्हा गोठवायच्या नाहीत.

लाईट गेली तर फ्रीझर उघडू नका. गच्च भरलेला बंद फ्रीझर साधारण दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस गार राहतो. खालच्या फ्रीजला मात्र चारच तास धरा.

मुलांच्या डब्याचंही सांगते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. दूध, चीज असलेला ओला पदार्थ एरवी बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात; ३२ अंशांच्या वर ती मुदत एक तासावर येते. सकाळी सातला भरलेला पेस्टो सँडविचचा डबा साडेदहाला उघडणार असेल, तर उन्हाळ्यात तो नकोच. थंडीत द्यायचा तर डब्याशेजारी बर्फाची थैली ठेवा. आणि वर्गात कुणाला सुक्या मेव्याची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का ते शिक्षकांना आधी विचारा, कारण मुलं डबा वाटून खातात.

वाढताना पेस्टो कढईत परतू नका, चीजच्या गुठळ्या होतात आणि वास उडतो. पास्ता शिजला की त्याचं पेलाभर पाणी बाजूला काढा, गॅस बंद करा, मोठ्या भांड्यात पेस्टोच्या वड्या, त्यावर गरम पास्ता आणि दोन-तीन पळ्या ते पाणी घालून हलवा. पाण्यातल्या पिठामुळे तेल आणि चीज एकजीव होतं. लिगुरियात त्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबीही शिजवून सोबत घालतात, आणि ते आपल्या घरात मुलांना फार आवडतं. उरलेली एखादी वडी गरम ज्वारीच्या भाकरीवर ठेवा, आपोआप वितळते. वर कच्चा कांदा घ्या.